गाव रिकामं होतं तेव्हा पैशाचं काय होतं? (कोकण, कुटुंब आणि अर्थकारण)

सड्यावरचा

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात. जुना सूर 'माणसं फार झाली' हा. नवा सूर 'जन्मदर घसरला, आता म्हाताऱ्यांचा देश होणार' हा. दोन्हीकडचे लोक देशाचे आकडे घेऊन बसतात. मला माझ्या राजापूर तालुक्यापुरतं आणि फार तर दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं आहे. देशाचं पुढे जे होईल म्हणतात, त्यातलं बरंचसं आमच्याकडे आधीच होऊन गेलं आहे.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साधारण साडेआठ लाखांवर. ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होता) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. त्या वाढीत आमची माणसं आहेत.

आणखी एक आकडा. २०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. कोकणात मुलींना मान आहे म्हणून हे होतं, असं बाहेरचे लोक कौतुकाने सांगतात. मुख्य कारण साधं आहे: आमचे पुरुष मोजणीच्या वेळी मुंबईत होते.

शंभर वर्षांहून जास्त काळ इथलं घर दोन ठिकाणी चाललं. पुरुष गिरणीत किंवा गोदीत, गाववाल्यांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणार, खानावळीत जेवणार. बायको, आईवडील आणि पोरं गावात. मनीऑर्डर आली की दुकानाची उधारी फिटायची, शाळेची पुस्तकं यायची, लावणीला एखादा गडी घेता यायचा. भात विकण्यापुरतं कधीच पिकलं नाही. हिशेब मांडला तर ती शेती दर वर्षी तोट्यात होती, आणि तरी चालली, कारण तिथे राबणाऱ्या बाईला मजुरी नव्हती. याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. गिरणी कामगाराचं कुटुंब गावचा भात खात होतं, म्हणून गिरणीमालकाला एका माणसाच्या पोटापुरत्या पगारात भागवता आलं. मुंबईच्या कापडाच्या नफ्यात कोकणातल्या बायकांची लावणी-कापणी मिसळलेली आहे. हे कुठल्याच ताळेबंदात आलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव मोडत गेलं आणि माणसं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली अशी लांब सरकली. तिथे दोन खोल्या मिळाल्या, म्हणून बायको-मुलंही गेली. यात वाईट काही नाही, नवराबायको एकत्र राहिली. पण बायको गेली त्या महिन्यापासून मनीऑर्डर थांबली. पोस्टमन आमच्या वाडीत पूर्वी दर आठवड्याला यायचा. नंतर फक्त म्हाताऱ्यांची पेन्शन घेऊन येऊ लागला.

आता पैसा गणपतीत आणि मे महिन्यात येतो, आणि येतो तो सिमेंटच्या रूपात. घरावर स्लॅब पडतो, फरशी बसते, देवळाचा जीर्णोद्धार होतो. मग घराला कुलूप. या खर्चाने गवंड्याला दोन महिने काम मिळतं, बाकी वर्षभर त्यातून काही फिरत नाही. आमच्या वाडीतली पिठाची गिरण बंद झाली ती याच क्रमाने. आधी शाळेचा पट खाली आला, मग शिक्षकांची बिऱ्हाडं गेली, मग दुकानदाराने माल कमी ठेवायला सुरुवात केली. गिरणवाल्याकडे रोज दळण येईना, पण विजेचं बिल मात्र दर महिन्याला येत राहिलं. आता पीठ पिशवीतून येतं, तेही तालुक्याहून.

पुढच्या जनगणनेत काय दिसेल ते दिसेल. तुमच्या गावात हे कसं झालं, आणि जमिनीचं काय केलंत, ते मला हवं आहे. आमच्या सातबाऱ्यावर तीसच्या वर नावं आहेत. त्यातली गावात राहणारी तीन.

---

मालवणी_खाजा

गावात आता रवता कोण, ह्योच प्रश्न आसा. तुमचो लेख वाचून आमच्या वाडीचीच गोष्ट वाचल्यासारख्या वाटला. आमच्याकडे एकशिक्षकी शाळा होती, ती पण गेली.

---

माहेरवाशीण

'त्या बाईला मजुरी नव्हती' हे वाक्य लिहिलंत याबद्दल आभार. मी त्या बाईची नात.

आजीचं वर्ष मला पाठ आहे. उन्हाळ्यात भाजावळीसाठी कवळं तोडणं, पावसात लावणी, श्रावणात बेणणी, दिवाळीच्या आधी कापणी, झोडणी. शिवाय वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी. त्यात गुरं, शेणी, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं. आजोबा वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घरी. त्यांचा पगार सगळ्यांना माहीत होता, आजीचं काम कुणी मोजलं नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं. ते गेल्यावर काका आणि वडिलांची लागली, 'इतर हक्कात' आजी आली.

मुलींचं सांगते. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क दिला, देशात तोच २००५ मध्ये आला. कागदावर आम्ही वारस आहोत. प्रत्यक्षात भावाला कर्ज काढायचं असलं किंवा जमीन विकायची असली की हक्कसोड पत्र घेऊन कुणीतरी दारात येतं. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. मी केली नाही. माझं माहेर तुटलं नाही, पण दोन गणपती मला बोलावणं नव्हतं.

तेव्हा सातबाऱ्यावर तीस नावं आहेत म्हणून त्रास होतो असं लिहिताना त्यातली निम्मी नावं कुणाची आणि ती का लागायला हवीत, हेही लिहा.

---

दिवा_फास्ट

मी त्या दोन खोल्यांतला. दिव्याला राहतो, बायको आणि मी दोघं नोकरीला. मुलगी झाली तेव्हा पाळणाघराचं पाहिलं. चांगलं पाळणाघर स्टेशनपासून लांब, जवळचं मनाला पटेना. आईला गावाहून आणलं. आई सहा महिन्यांसाठी आली ती मुलगी शाळेत जाईपर्यंत राहिली. बाबा गावात एकटे, कारण आंब्याची कलमं टाकून त्यांना येववेना. त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही. शेजारची काकू भाकरी देते, तिला आम्ही महिन्याला पैसे पाठवतो.

आईने नात सांभाळली म्हणून बायकोची नोकरी टिकली. बायकोची नोकरी टिकली म्हणून घराचा हप्ता जातो. आणि आई इथे आहे म्हणून गावची भाजी, परसातली मिरची, कोंबड्या, गाय सगळं बंद झालं. माझ्या घराची मिळकत वाढली, गावच्या घराची संपली, आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या जाण्यायेण्याने झाल्या. दुसरं मूल का नाही, असं नातेवाईक विचारतात. ते मूल सांभाळायला दुसरी आई कुठून आणू?

---

आकडेमोड

दिवा_फास्ट यांच्या शेवटच्या प्रश्नात महाराष्ट्राच्या जन्मदराचं उत्तर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आला, गोव्याचा १.३, देशाचा २. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. म्हणजे आपण त्याखाली कधीच गेलो आहोत. पगारी कामावर जाणारी बाई आणि मूल सांभाळणारी बाई अशा दोघी असल्याशिवाय शहरातलं घर चालत नाही, आणि दुसरी बाई म्हणजे गावाकडची आजी. आजच्या आया आजी होतील तेव्हा त्याही नोकरीत असतील. मग पाळणाघर हा उद्योगधंद्याच्या धोरणाचा भाग मानावा लागेल. आज त्याला महिला-बालकल्याणाच्या कोपऱ्यात टाकलेलं आहे.

कोकणाबद्दल एक जुना धागा. संततिनियमनाचं केंद्र मुंबईत १९२१ मध्ये काढणारे र. धों. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांना समाजाने फार छळलं. त्यांच्याच जिल्ह्याची लोकसंख्या आज घटते आहे, पण त्याचं श्रेय किंवा दोष छोट्या कुटुंबाला देणं चूक ठरेल. इथलं मोठं कारण स्थलांतर.

आता मूळ लेखकांच्या प्रश्नाकडे. कमावत्या वयाच्या माणसांचं प्रमाण वाढलं की अर्थव्यवस्थेला बळ मिळतं, त्याला आपण लोकसंख्येचा लाभांश म्हणतो. हा लाभांश माणूस जिथे राहतो तिथे जमा होतो. मूल जन्मलं रत्नागिरीत, अंगणवाडी, शाळा, आजारपणं, बारावीपर्यंतचा खर्च रत्नागिरीचा. विसाव्या वर्षी ते ठाणे जिल्ह्यात जातं. त्याची पुढची पस्तीस-चाळीस वर्षांची कमाई, भाडं, हप्ता, किराणा, कर सगळं तिथे. साठीनंतर कदाचित गावी परत, तेव्हा औषधपाणी पुन्हा रत्नागिरीच्या रुग्णालयात. राज्याराज्यांत अशा गोष्टींची थोडी भरपाई आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपात जन्मदर आटोक्यात ठेवल्याबद्दल १२.५ टक्के भार ठेवला होता आणि २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के. जिल्ह्याजिल्ह्यांत तसं काही नाही. उलट पट कमी म्हणून शाळा बंद, प्रवासी कमी म्हणून एसटी बंद. डोकी मोजून पैसा वाटला की डोकी गमावलेल्या जिल्ह्याला दुसऱ्यांदा मार बसतो. माझं स्पष्ट मत आहे की वयस्कांच्या प्रमाणावर जिल्ह्यांना वेगळा निधी मिळाला पाहिजे.

---

गोदाकाठ

तुमच्याकडे कुटुंब तुटलं म्हणून काम थांबलं. आमच्याकडे बीडला काम चालावं म्हणून कुटुंब जोडलं जातं, तेही पोरीच्या वयाचा विचार न करता.

ऊसतोडीसाठी मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात आणि उचलही तशीच. त्यामुळे पोरगा अठरा-एकोणीसचा झाला की घरचे सोयरीक शोधायला लागतात. पोरीच्या बापालाही दिवाळीनंतर सहा महिने फडावर जायचं असतं, वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? दोन्हीकडून घाई. राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे (वर सांगितलेलीच पाहणी), आमच्या बीड-परभणीकडे हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास. मग लवकर बाळंतपणं, पाळीत खाडा पडला तर दंड, आणि गर्भपिशवी काढून टाकण्याचे प्रकार. २०१९ मध्ये त्यावर शासनाने चौकशी समिती नेमली होती.

याच बीडमध्ये २०११ ला सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ती पोरं अजून लग्नाला यायची आहेत, पण त्यांच्या आधीच्यांचं पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुलं मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, आम्हाला बायको मिळत नाही म्हणून. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गर्भातच मारलेल्या मुलींची ती रिकामी जागा होती, आणि शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही ही प्रत्येक बापाची समजूत होती.

साखरेच्या भावात, कारखान्याच्या हिशेबात हे कुठे दिसतं? यंत्राने तोडणी वाढते आहे. यंत्राला बायको लागत नाही. पण मग या जोड्यांनी खायचं काय, यावर कुणी बोलत नाही.

---

सड्यावरचा

गोदाकाठ, फार अंगावर येणारं लिहिलंत. मुलं फडावर जातात की मागे राहतात? आमच्याकडे आजी शहरात गेली की घर बंद होतं. तुमच्याकडे उलटं असावं.

---

गोदाकाठ

आजी घरी धडधाकट असली तर नातवंडं शाळेत. नसली तर फडावर पाचटात. हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहंही आली, तिथे जागा मिळाली तर पोर शिकतं. आमच्या गावात शिकून पोलीस, शिक्षक झालेली पोरं पाहिली तर बहुतेकांच्या मागे एक म्हातारी आहे जी फडावर गेली नाही. तिला महिन्याला श्रावणबाळ या सरकारी पेन्शनचे १५०० मिळतात.

---

कलमवाला

देवगडकडचा बागायतदार. मूळ लेखात एक कडी राहिली, ती जोडतो.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या कातळावर, वरकसात हापूस आणि काजू उभे राहिले. तेव्हा गावात माणसं होती, खड्डे खणायला, पावसाळा सरल्यावर पाणी घालायला. कलमं मोठी झाली आणि माणसं गेली. आज माझ्या बागेत फवारणी, राखण, उतरवणी सगळं नेपाळी मुलांच्या हातात आहे. दिवाळी झाली की येतात, मे अखेर जातात, बागेतल्या खोपीत राहतात. रत्नागिरीच्या बोटींवर खलाशीही नेपाळचेच भेटतील. ती मुलं पगारातलं बहुतेक घरी पाठवतात. आमच्या आजोबांची मनीऑर्डर मुंबईहून कोकणात यायची, आता कोकणातून नेपाळला जाते. तिथेही एखाद्या डोंगरात बायको एकटीच शेत करत असणार, याचा विचार येतो.

गावाचं नुकसान फक्त मजुरीचं नाही. शेजारची शेतं पडीक राहिली, रान वाढलं, वानर-माकडं आणि डुकरं थेट बागेत येतात. पूर्वी दहा घरची माणसं आपापल्या शेतात असायची, त्यांच्या वावरानेच राखण व्हायची. आता ती राखण मला पगार देऊन करावी लागते. शेजाऱ्याचं घर बंद झाल्याचा खर्च माझ्या पेटीवर चढतो.

आणि सातबारा. नवीन लागवडीचं अनुदान घ्यायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. माझे दोन चुलत चुलते बडोद्याला, एकाचा मुलगा दुबईला, एका आत्याचा ठावठिकाणाच नाही. पाच वर्षं झाली, दीड एकर तसंच पडून आहे.

---

उगवतीकडे

नागोयात बरीच वर्षं राहते, म्हणून इथलं सांगते. जपानच्या २०२३ च्या घरपाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. खेड्यांत गेलं की रांगेने बंद घरं दिसतात. पण सातबाऱ्याच्या चर्चेला लागू पडेल अशी गोष्ट वेगळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या वारसनोंद न केल्यामुळे मालकाचा पत्ताच लागत नाही अशी जमीन इथे क्यूशू बेटापेक्षा जास्त भरते, असा अंदाज २०१६ च्या स्थितीवरून काढला गेला. रस्ता काढायचा, दरड कोसळलेली आवरायची, तर सही कुणाची घ्यायची? शेवटी १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची केली. मिळकत वारशाने आल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड.

जपान श्रीमंत होऊन म्हातारा झाला, तरी या गुंत्यात अडकला. आपण तेवढे श्रीमंत व्हायच्या आधी तिथे पोहोचतोय.

---

आकडेमोड

आपल्याकडेही २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. चांगली मोहीम आहे, पण त्याने एका मयताच्या जागी आठ जिवंत नावं येतात. वाटप झालं नाही तर गुंता वाढतोच. कुटुंब लहान झालं तरी हा गुंता लगेच सुटणार नाही, कारण आजचे वारस हे सहा-सात भावंडांच्या पिढीतले आहेत. आजची एकुलती एक मुलं वारस होतील तेव्हा नावं कमी होतील, पण त्यांना ते शेत कुठे आहे हेच माहीत नसेल. माझ्या पुतण्याला आमच्या गावच्या जमिनीचा गट नंबर सोडा, वाडीचं नाव सांगता येत नाही.

म्हणून काय करायचं ते या पिढीनेच, हद्दी दाखवणारे म्हातारे आहेत तोवर.

---

दिवा_फास्ट

हे खरं आहे. बाबांनंतर आमची हद्द दाखवणारं कुणी नाही. पण वाटप म्हटलं की भांडण, म्हणून कुणी विषय काढत नाही. गणपतीत सगळे एकत्र असतात आणि त्या पाच दिवसांत कुणालाच कटकट नको असते.

---

कलमवाला

भांडण टाळून होत असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटप होतं. सगळ्यांना जबाबाला यावं लागतं, तीच मुख्य अडचण. बाहेर राहणाऱ्यांनी गावातल्या एकाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं तर बरीच कामं अडत नाहीत. आणि वाटप नकोच असेल तर निदान सगळ्यांनी मिळून बाग कराराने द्यावी आणि येणारा पैसा हिश्श्याने वाटावा. आमच्या शेजारच्या भावकीने हे केलं आहे. रक्कम मोठी नसते, पण पैसा खात्यात यायला लागला की विरारच्या पुतण्यालाही गावची विहीर उपसायची आठवण होते.

---

सड्यावरचा

माहेरवाशीण यांचं म्हणणं मान्य. आमच्या तीसमध्ये चौदा नावं आत्यांची आणि बहिणींची आहेत, आणि त्यांना हक्कसोड न मागता करार करायचा असं मी भावकीच्या ग्रुपवर मांडणार आहे. काजूची बाग आणि घराखालची जमीन एवढ्यापासून सुरुवात. येत्या गणपतीत सगळे असताना कच्चा मसुदा वाचून दाखवायचा विचार आहे. शेतीचं उत्पन्न फार नाही हे मला माहीत आहे. पण कराराचा पैसा वर्षभर गावात मजुरीच्या रूपाने फिरला तर दोन घरांची चूल त्यावर चालेल, आणि दोन घरं राहिली तर दुकान राहील. कुणाकडे असा मसुदा असेल तर इथे टाका.

---

माहेरवाशीण

आमच्याकडचा आहे, नावं काढून उद्या टाकते. एक सांगते: पैशाच्या हिश्श्याआधी विहिरीचं पाणी आणि बागेतून जाणारी वाट कुणाची ते लिहून घ्या. आमच्याकडे रकमेवरून एकही भांडण झालं नाही, सगळी वाटेवरून झाली.